संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग

माणसाची पन्नाशी उलटली, मुलं मार्गी लागली आणि घराचे हप्ते फिटले, की काळजी करायला फारसं काही उरत नाही. मग कोणी अध्यात्माकडे वळतो, कोणी शेअरबाजाराकडे. आमचे साडू संकटांकडे वळले. भूकंप, महापूर, दरड, दंगल, लिफ्टमध्ये अडकणं, अरण्यात वाट चुकणं, या सगळ्यांची त्यांनी एकदमच तयारी करायला घेतली. अरण्यात वाट चुकण्याचा संभव तसा कमी. ते राहतात कोथरूडला आणि नोकरी करतात हिंजवडीला. पण ‘वेळ काय सांगून येते?’ या प्रश्नाला आजवर कोणालाच उत्तर सुचलेलं नसल्यामुळे वादात ते नेहमी जिंकतात.

हल्ली ते दूध आणायला खाली उतरतात तेसुद्धा जय्यत तयारीनिशी. सहा खिशांची विजार, पट्ट्याला कडी, कडीला शिट्टी, खिशात टॉर्च, मनगटावर जाड दोरीचं विणलेलं कडं. ही दोरी म्हणे पॅराशूटची. तिच्यावर ५५० पौंड, म्हणजे सुमारे २५० किलो वजन पेलतं. साडूंच्या आयुष्यात आजवर पेलायचं सगळ्यांत मोठं वजन म्हणजे दळणाचा डबा. पण दोरी तयार आहे. त्यांना असं खुळखुळत जाताना पाहून नवा वॉचमन उठून सलाम ठोकतो. साहेब खात्यातले आहेत, अशी त्याची समजूत आहे आणि ती दूर करण्याची घाई साडूंनी केलेली नाही.

या छंदाला जगभर ‘ईडीसी’ म्हणतात. लांबलचक नाव ‘एव्हरीडे कॅरी’. त्याचं कुलदैवत म्हणजे मल्टिटूल, पक्कड-चाकू-कानस-पेचकस असं सगळं पोटात घेऊन बसलेलं हत्यार. स्विस चाकू तर १८९७ सालापासून आहेच. पण त्याला पक्कड नव्हती. १९७५ साली टिम लेदरमन नावाचा एक अमेरिकन गृहस्थ बायकोला घेऊन एका जुनाट फियाटमधून युरोप हिंडायला निघाला. गाडी वाटेत कुरकुरायची, स्वस्तातल्या हॉटेलांचे नळ गळायचे आणि खिशात होता नुसता चाकू. चाकूला पक्कड असती तर, असं त्याच्या मनात आलं आणि बाजारात ती यायला १९८३ साल उजाडलं. परका देश, बंद पडणारी गाडी आणि शेजारच्या सीटवर बायको. शोध लागायला याहून अनुकूल परिस्थिती कुठली?

लेदरमनची गंमत अशी, की त्याला आधी अडचण आली आणि मग त्याने वस्तू केली. आमच्याकडे वस्तू आधी येते. मग साडू तिला साजेशी अडचण शोधत हिंडतात.

परवा त्यांनी मागवलेला ‘सर्व्हायवल किट’चा डबा आला. रविवार असल्यामुळे सगळी मंडळी हजर होती. टीपॉयवरच्या पोह्यांच्या बश्या बाजूला करून साडूंनी एकेक वस्तू मांडली. पहिला निघाला मासे धरायचा गळ, दोऱ्यासकट.

“अहो, हा कुठे टाकणार? मुठेत?” मी विचारलं.

“वेळ आली तर.”

“पण तुम्ही मासे खात नाही.”

“वेळ आली तर खाईन.”

“अंड्याचा केकसुद्धा घरात येऊ देत नाहीत,” स्वयंपाकघरातून मेहुणीने माहिती पुरवली.

मग निघाली दोन कड्यांमध्ये ताणलेली तारेची करवत. वादळात झाड आडवं पडलं तर कापायला. पावसाळ्यात पुण्यात झाडं पडतात हे खरं. पण गुलमोहराच्या बुंध्याला ही तार लावून बसलं, तर अग्निशमन दलाची गाडी येऊन, झाड कापून, चहा पिऊन जाईल तेव्हा आपली साल नुकती सुटत असेल. मग होकायंत्र. ते टीव्हीच्या स्पीकरशेजारी ठेवलं होतं, त्यामुळे उत्तर दिशा स्पीकरकडे होती. तसंही कोथरूडहून निघालेल्या माणसाला उत्तर कुठे आहे हे कळून फायदा नाही. त्याला चांदणी चौकात कुठल्या पुलावर चढायचं हे कळलं पाहिजे, आणि तेवढं होकायंत्राच्या आवाक्यातलं नाही.

सगळ्यांत शेवटी निघाली एक चंदेरी, चुरचुरणारी, कागदाहून पातळ चादर. अंतराळ मोहिमांसाठी शोधलेल्या तंत्रातली. बर्फात अडकल्यावर अंगाभोवती गुंडाळली की शरीरातली ऊब बाहेर जात नाही, असं साडूंनी समजावून सांगितलं. सासूबाईंनी ती हातात घेतली, चुरगळून पाहिली, उजेडाकडे धरली.

“जावईबापू, कुरडया वाळत घालायला छान आहे हो. खालून तापेल.”

दुसऱ्या दिवशी ती गच्चीवर अंथरलेली होती. त्या डब्यातली प्रत्यक्ष वापरात आलेली ही एकमेव वस्तू.

वस्तूंचा दोष नाही. डबा भरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जे संकट होतं, ते आपल्याकडचं नाही. त्यात हिमवादळ आहे, अस्वल आहे, निर्जन सरोवर आहे. आपल्याकडची संकटं निराळ्या वळणाची असतात. घाटात तिसऱ्या वळणाला पोराला मळमळायला लागतं. रिक्षावाल्याकडे सुट्टे नसतात. लग्नाच्या हॉलच्या दारात साडीची निरी सुटते. गाडी ऐन पुलावर बंद पडते आणि फोनची बॅटरी दोन टक्क्यांवर असते. भर पावसात, दिवे गेलेल्या स्टेशनवर आपल्याला बायकोचा नंबर पाठ नाही, असा शोध लागतो. या संकटांवर चकमकीचा दगड चालत नाही.

आणि त्यांच्यावर चालणाऱ्या वस्तू घेऊन हिंडणारी माणसं घरोघर असतात. त्यांना आपण ईडीसीवाले म्हणत नाही, इतकंच. सासूबाईंची पर्स पाहा. बांगडीला आणि मंगळसूत्राला अडकवलेल्या सेफ्टी पिना हा नुसता दर्शनी भाग. आत सुईदोरा, रबरबँड, आवळासुपारी, तापाच्या गोळ्या, छोट्या डबीत ओवा, दहा-दहाच्या नोटांची गुंडाळी आणि एका चिठ्ठीवर ठळक अक्षरांत सगळ्यांचे फोननंबर. तळाशी तिकोनी घडी घातलेल्या पातळ पिशव्या. या २०१८च्या प्लॅस्टिकबंदीच्या आधीच्या, धुऊन-वाळवून जपलेल्या. आता नव्या मिळत नाहीत म्हणून त्यांना वारसाहक्काचं मोल आलंय. त्या एका पिशवीचे उपयोग मोजा: घाटातली उलटी, ओले कपडे, पावसात फोन, देवळाबाहेर चपला, उरलेला प्रसाद, पाय घसरल्यावर गुडघ्याला लावायचा बर्फ. मल्टिटूलला कळलं तर त्याला न्यूनगंड येईल.

पण सासूबाईंच्या पर्सचं खरं वैशिष्ट्य आतल्या मालात नाही. अंधारात, गर्दीत, लोंबकळत्या बसमध्ये, आत न बघता त्यांचा हात हव्या त्या वस्तूवर पडतो. साडूंना भर दिवसा टॉर्च शोधायला खिसे उलटे करावे लागतात. सहा खिसे आहेत, आणि टॉर्च कायम सहाव्यात असतो.

तयारीच्या बाबतीत आपला इतिहासही काही मागासलेला नाही. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ‘आज्ञापत्र’ लिहिलं. त्यातलं दुर्गांचं प्रकरण काढून पाहा. गड बांधण्याआधी पाणी बघा, असं ते सांगतात. आणि एक झरा सापडला म्हणून निर्धास्त राहू नका, आणखी टाकी खणून पाण्याचा साठा करा, असंही बजावतात. कारण लढाई जुंपली, तोफा धडधडू लागल्या, की त्या हादऱ्यांनी झरे आटतात. ऐन गरजेच्या वेळी नेमकी गरजेचीच वस्तू दगा देते, हा सिद्धान्त अमात्यांनी मांडून ठेवला. आज त्याचा प्रत्यय स्टेपनी देते. पण तिच्याकडे नंतर येऊ.

मुंबईकरांनी हा धडा २६ जुलै २००५ला घेतला. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच शहरात, त्याच दिवशी, कुलाब्याला ७३ मिलिमीटर. म्हणजे दक्षिणेला लोक छत्री झटकत ऑफिसात बसले होते, तेव्हा उपनगरांत बस टपापर्यंत बुडाल्या होत्या. लोकल बंद, फोन बंद. माणसं रात्रभर रुळांवरून, छातीभर पाण्यातून घराकडे चालली. अनोळखी लोकांनी दारं उघडली, चहा-बिस्किटं दिली, दोर धरून रस्ते ओलांडून दिले. त्या रात्री कोणाजवळ होकायंत्र नव्हतं आणि त्याची उणीवही कोणाला भासली नाही.

तेव्हापासून पावसाळा आला की मुंबईच्या चाकरमान्याची बॅग जड होते. बिस्किटपुडा, पाण्याची बाटली, पॉवर बँक, जास्तीचे पायमोजे, औषधाच्या दोन दिवसांच्या गोळ्या. पुडा दर जूनमध्ये ठेवला जातो आणि पहिल्याच आठवड्यात, पाऊस नसताना, साडेचारच्या भुकेला बळी पडतो. पुढचे तीन महिने बॅगेत चुरा आणि मुंग्या असतात. १२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. तेव्हा बऱ्याच जणांना उमगलं, की पॉवर बँक बरोबर असणं निराळं आणि ती भरलेली असणं निराळं.

त्याच २००५च्या पुरात काही माणसं स्वतःच्या गाड्यांमध्ये कोंडून गेली. पाणी चढलं, काचा खाली होईनात, दारं उघडेनात. त्यानंतर काच फोडायची हातोडी हा प्रकार इथल्या गाड्यांमध्ये आला, आणि यायलाच हवा होता. आज ऑनलाइन बाजारात टोकदार पोलादी नाकाची, पट्टा कापायचं पातं बसवलेली हातोडी सहज मिळते. साडूंनी एक नव्हे, दोन घेतल्या. कुठे ठेवल्यात म्हणून विचारलं, तर म्हणाले, “डिकीत. टूलकिटमध्ये. तिथे सुरक्षित राहतात.”

हातोडी सुरक्षित राहते याबद्दल शंकाच नाही.

एसटीत लहानपणी आपण सगळ्यांनी एक पाटी वाचलेली असते: ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’. तिच्याशेजारची जागा मिळावी म्हणून पोरं भांडायची. सबंध प्रवास पोरगं आशेने त्या खटक्याकडे बघत बसायचं, आणि आई म्हणायची, “हात लावू नकोस, कंडक्टर ओरडेल.” मोठेपणी तीच पाटी जरा वेगळ्या नजरेने वाचली जाते. दाराला खटका आहे, वर लाल अक्षरं आहेत, आणि दाराला टेकून एक कांद्याचं पोतं, दोन ट्रंका आणि कोणाची तरी नवी कोरी सायकल आहे. मार्ग आहे, पण संकटाने आधी सामान उतरवून घ्यायला हवं. आपल्या बहुतेक तयाऱ्यांचं हेच होतं. वस्तू विकत घेतलेली असते; हात आणि वस्तू यांच्यामध्ये मात्र आपणच संसार रचून ठेवलेला असतो.

हातोडी आणली की ती वापरायची कशी, याचंही ज्ञान लागतं, आणि ते व्हॉट्सॲपवर मुबलक आहे. सीटचं हेडरेस्ट उपसून त्याच्या दांड्यांनी काच फोडायची, त्या दांड्या मुद्दाम तेवढ्यासाठीच दिलेल्या असतात, अशी एक चित्रफीत दर पावसाळ्यात फिरते. दांड्या दिलेल्या असतात ते हेडरेस्ट वरखाली करण्यासाठी. अडचणीत त्यांनी काच फुटूही शकेल. पण कंबरभर पाण्यात, पट्ट्याने जखडलेल्या अवस्थेत हेडरेस्ट उपसून पाहा म्हणजे कळेल. खरी गोष्ट साधी आहे. गाडीची पुढची काच दोन थरांमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा घालून केलेली असते. तिला तडे जातात, भोक पडत नाही. फोडायची ती बाजूची काच, आणि तीही मधोमध नाही, कोपऱ्याजवळ. मात्र काही नव्या गाड्यांना बाजूच्या काचाही पापुद्र्याच्या येतात, तेव्हा आपली कुठली आहे हे काचेच्या कोपऱ्यातल्या शिक्क्यावर आधीच वाचून ठेवावं. पाणी दाराला लागलं की आधी पट्टा सोडायचा, पॉवर विंडो चालते आहे तोवर काच खाली करायची, आणि नाहीच झाली तर वाट न बघता फोडायची.

याहून स्वस्त उपाय म्हणजे त्या पाण्यात गाडी न घालणं. जेमतेम नडगीभर, म्हणजे ३० सेंटिमीटर वाहतं पाणी लहान गाडीला तरंगवू शकतं. ६० सेंटिमीटरला बहुतेक गाड्या वाहून जातात. पण फरशी पुलाशी उभं राहून “निघेल हो, मघाशी एक सुमो गेली” असं सांगणारा माणूस प्रत्येक ओढ्यावर नेमलेला असतो. तो स्वतः कधीच पलीकडे जात नाही.

आता डिकीकडे. साडू मे महिन्यात सहकुटुंब कोकणात जाऊन आले. परतताना मीही गाडीत होतो. ताम्हिणी घाटात, माणगावकडून चढताना मागचं उजवं चाक बसलं. साडू उतरले. त्यांच्या चेहऱ्यावर चक्क समाधान होतं. ज्या दिवसासाठी एवढा खटाटोप केला, तो दिवस एकदाचा उगवला होता.

डिकी उघडली. सगळ्यांत वर चटई आणि मेहुणीची शाल. खाली आंब्याच्या पेट्या, गवत बाहेर आलेल्या. पेट्यांच्या कुशीत पिकत आलेला बरका फणस. त्याच्या वासाने मागच्या सीटवरचे दोघे घाटाआधीच गप्प झाले होते. फणसाखाली कोकम आगळाच्या बाटल्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. एकीचं झाकण सैल. त्याखाली आंबोशी, सुकवलेली सोलं, मेतकुटाचे डबे, सासूबाईंनी मैत्रिणीकडून आणलेली अनंताची रोपं मातीसकट. हे सगळं रस्त्याकडेला मांडल्यावर तिथे आठवड्याचा बाजार भरल्यासारखं दिसू लागलं. दोन गाड्या थांबल्या आणि आंब्याचा भाव विचारून गेल्या.

मग गालिचा उचलला. त्याखाली पुठ्ठा, त्याखाली टूलकिट. गॉगल, रबरी हातमोजे, पिवळंजर्द परावर्तक जाकीट, जंपर केबल, टोइंगचा पट्टा, दोन हातोड्या, घडीचं फावडं. साडूंनी आधी जाकीट घातलं. मग टॉर्च लावला. दुपारचे दोन वाजले होते. जॅक निघाला, पण जॅक फिरवायचा दांडा निघेना. तो पुढच्या सीटखाली होता आणि पुढच्या सीटवर सासूबाई होत्या. शेवटी स्टेपनी खाली आली. साडूंनी ती अंगठ्याने दाबली. अंगठा आत गेला.

झरे आटतात, म्हणून अमात्यांनी लिहून ठेवलंय ते हेच.

एवढ्यात पाठीमागून एक पिकअप आली. ड्रायव्हर पोरगेला, पायात स्लिपर. त्याने काही विचारलं नाही. आधी एक दगड उचलून पुढच्या चाकाला लावला. मग करवंदीची एक भरघोस फांदी मोडून मागच्या वळणावर, येणाऱ्याला लांबून दिसेल अशी आडवी टाकली. आपल्या रस्त्यांवरचा अस्सल लाल त्रिकोण तो हाच. छापील त्रिकोण बहुतेक गाड्यांमध्ये कारखान्यातल्या वेष्टनासकट झोपलेला असतो. साडूंचाही झोपलेलाच होता, आंबोशीच्या पिशवीखाली. पोराने चाक जमिनीवर असतानाच नट ढिले केले, मग जॅक लावला. साडू आधी गाडी उचलून मग नट पिळणार होते. तसं केलं की चाक हवेत गरगर फिरतं आणि माणूस त्याच्याबरोबर. त्याच्याकडे पायपंप होता. स्टेपनीत हवा भरली, चाक बसलं, नट आळीपाळीने समोरासमोरचे आवळले. सगळा कारभार विडी विझायच्या आत. त्याचं टूलकिट म्हणजे एक पाना, एक पंप आणि एक फडकं, सगळं सीटच्या पाठीमागे, हाताला लागेल असं. पैसे घेईना. शेवटी आंबे घेतले.

जाताना त्याने दोन गोष्टी केल्या, त्या लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. चाकाला लावलेला दगड रस्त्याबाहेर फेकला आणि वळणावरची फांदी उचलून बाजूला टाकली. आपल्याकडे ट्रक दुरुस्त होऊन निघून जातो आणि त्याने मांडलेले दगड तसेच रात्री पुढच्या दुचाकीवाल्याची वाट बघत राहतात. एकाची तयारी दुसऱ्याचं संकट होते ती अशी.

गाडीतला सुरक्षेचा दुसरा विभाग डॅशबोर्डवर असतो. गणपती, साईबाबा, बाहेर बंपरला लिंबू-मिरची. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने बोरघाट चढताना शिंग्रोबाच्या देवळाशी नाणं टाकल्याशिवाय कित्येक ड्रायव्हर पुढे जात नाहीत. घाटाची वाट दाखवणारा हा धनगर, अशी त्याची कथा. म्हणजे एका अर्थी आपला आद्य जीपीएस. या विभागाला मी नावं ठेवणार नाही. त्याचं एक बरं आहे: तो कायम समोर असतो. नाणं कधी डिकीत ठेवलेलं नसतं.

राहता राहिली प्रथमोपचार पेटी. गाडीबरोबर ती मिळते, आणि गाडी विकताना तशीच पुढच्या मालकाला मिळते. मध्ये कोणी उघडलीच, तर पिवळा पडलेला कापूस, चिकटपण गेलेल्या चिकटपट्ट्या आणि मुदत उलटलेलं मलम एवढं हाती लागतं. मे महिन्यातल्या उन्हात बंद गाडी भट्टीगत तापते. औषधं खराब होतात, पॉवर बँक फुगते, सेल आत राहिलेला टॉर्च गंज धरतो. त्या पेटीत जाडसर स्वच्छ कापड ठेवलं तरी मोठं काम होतं. वाहत्या जखमेवर ते घट्ट दाबून धरायचं आणि धरून ठेवायचं, बस. उन्हाने, जुलाबाने कोणी गळून गेलं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. त्यासाठी अंतराळ मोहिमेचं काही लागत नाही. आणि दुसऱ्याच्या अपघाताला थांबायची भीती आता मनातून काढायला हरकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मदत करणाऱ्याच्या पाठीशी उभं राहायला सांगितलं आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यातही ती तरतूद आली.

सगळ्यांत हलकी तयारी मात्र खिशात किंवा डिकीत नसतेच. कोल्हापुरात पावसाळ्यात कुठल्याही टपरीवर उभे राहा. चहावाल्यापासून प्राध्यापकापर्यंत प्रत्येकाला पाठ असतं: राजाराम बंधाऱ्याशी पंचगंगा ३९ फुटांवर इशारा, ४३ला धोका. सांगलीत हेच आकडे आयर्विन पुलाशी ४० आणि ४५. २००५, २०१९ आणि २०२१ या सालांनी ही उजळणी पक्की करून घेतली आहे. नदीकाठच्या घरात आकडा ऐकून आजी ठरवते, की आज रेशनकार्ड आणि सातबारा पिशवीत बांधून माळ्यावर टाकायचे, उद्या जनावरं हलवायची. वजन शून्य, किंमत शून्य, आणि चार्ज करावं लागत नाही.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच: छंद म्हणून खुशाल कडं घाला, चकमक घासा, तारेच्या करवतीने फांद्या कापा. पण तयारी तपासायची कसोटी एकच ठेवा. ड्रायव्हरच्या जागेवर बसा, पट्टा लावा, डोळे मिटा आणि हात पुढे करा. हात जिथवर पोचतो तिथवरच तुमची तयारी. हातोडी आणि टॉर्च त्या परिघात आणा. पाण्याची बाटली आणा. एका चिठ्ठीवर दोन फोननंबर आणि आपला रक्तगट लिहून पाकिटात घाला. फोन मेला तरी चिठ्ठी मरत नाही. ११२ आणि १०८ घरातल्या लहानांनाही पाठ करून घ्या. त्रिकोणाचं वेष्टन काढा, एकदा घराच्या अंगणात उभा करून पाहा. डिकीत सामान भरताना जॅक सगळ्यांत वर येऊ द्या आणि आंबे खाली; आंबे रागावणार नाहीत. आणि येत्या रविवारी पेट्रोल भरायला जाल तेव्हा चार चाकांबरोबर पाचवंही दाखवा. पंपावर हवा फुकट मिळते.